गयाबाईच्या दारातले पाणी

तळहातावरच्या इष्टलिंगाला विभूती लावून, बिल्वदल वाहून, आणि जो नामाच्या अलीकडेही आहे व पलीकडेही उरतो त्या सदाशिवाला मस्तक नमवून मी हे प्रकरण लिहायला घेते आहे. आज माझ्या वडिलांची, अप्पांची, गणाराधना, म्हणजे त्यांच्या स्मरणाची वार्षिक पंगत. स्वयंपाकघरात सुनेने हुग्गीचे, म्हणजे खिरीचे, गहू शिजत ठेवले आहेत, त्यांचा गोडसर वास माझ्या खोलीपर्यंत येतो आहे, आणि दुपारच्या पंक्तीसाठी अंगणात सतरंज्या पसरून झाल्या आहेत. सकाळी पूजेच्या वेळी नातीने सहज विचारले, "आजी, पणजोबा कशानं गेले?" मी म्हटले, "आजारानं." तिचे समाधान झाले आणि ती खेळायला गेली. माझे मात्र झाले नाही. उत्तर खोटे नव्हते, पण त्यातून माणसे वगळली गेली होती, आणि ती माणसे वगळून अप्पांचे जाणे सांगताच येत नाही. म्हणून हे लिहिते. ईश्वराने माझ्या स्मृतीला सत्याच्या जवळ ठेवावे, एवढेच मागणे.

राजेश्वरकडचे आमचे खेडे कसे सुटले, घराण्यातला लहानसा मठ कोणाकडे गेला, यात मी शिरत नाही. गुलबर्गा, ज्याला आता कलबुर्गी म्हणतात, तिथे आई-वडील आणि मी असे तिघे आलो, आणि जी जागा मिळाली तिला लोक खदान म्हणत. फरशीचा दगड काढून संपल्यावर मागे जो मोठा खड्डा उरला होता, त्याच्या काठावर आणि मग हळूहळू त्याच्या पोटातही लोकांनी घरे घातली होती. भिंती म्हणजे उभ्या रोवलेल्या शहाबादी फरश्या. सांध्यांत चिखल, वर पत्रे, आणि पत्रे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पुन्हा दगड. उन्हाळ्यात ती फरशी इतकी तापे की भिंतीला पाठ टेकवता येत नसे, आणि थंडीत तीच फरशी हाडांत शिरे. दोन घरांना मिळून एकच भिंत असल्यामुळे आमच्या चुलीपुढे जे बोलले जाई ते शेजारच्या चुलीपुढे ऐकू येई. गुपित नावाची वस्तू ठेवायला खदानीत जागाच नव्हती. पहाटे मशिदीची बांग, मग पलीकडच्या ओळीतून बुद्धवंदनेचे संथ स्वर, मग आमच्या घरातून अप्पांचा रुद्रपाठ, आणि या सगळ्यांवरून जाणारा दाळमिलचा भोंगा. भोंगा झाला की देवाधर्माचे सगळे आवाज थांबत आणि पत्र्याची दारे वाजू लागत.

अप्पा जंगम, म्हणजे लिंगायतांचे गुरू; लोक त्यांना सामी म्हणत. गावात लोक त्यांचे पाय धूत. खदानीत आल्यावर ते दाळमिलमध्ये पोती शिवू लागले. सकाळी लिंगपूजा, रुद्र, माझा संस्कृताचा पाठ. मग दाभण आणि सुतळी घेऊन मिलला. संध्याकाळी परतत तेव्हा कपाळावरच्या विभूतीवर तुरीच्या फोलपटांची पिवळी धूळ बसलेली असे. अव्वा, म्हणजे माझी आई, ती धूळ पदराने पुसू लागली की म्हणत, "राहू दे गं. ही बी भस्मच हाय." मिलमधून डाळीची चुरी स्वस्तात मिळे. तिची आमटी, जोंधळ्याची भाकरी, कधी पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी, सणाला हुग्गी. अव्वाची एक रीत अशी होती की शेवटची भाकरी टोपल्यात झाकून ठेवायची. कोणी आले तर त्याची, न आले तर सकाळी आम्हा तिघांत वाटून. असे काही ना काही बहुतेक घरांत झाकलेले असे. ज्यांना स्वतःला पुरत नाही, त्यांच्या घरी पाहुण्यासाठी कसे उरते, हे कोडे मला तेव्हा पडत नव्हते. ते आता पडते, जेव्हा आमच्या सोसायटीत कोणी आगाऊ फोन न करता येत नाही.

आम्ही खदानीत पाऊल टाकले ती दुपार मला आठवते. डोक्यावर बोचकी, पायाखाली तापलेला दगड. दारादारांतून लोक पाहत होते, पण पाण्याला कोणी विचारीना. कारण उघड होते. अप्पांच्या कपाळावर भस्म, गळ्यात रुद्राक्ष आणि इष्टलिंगाचा दोरा, शिवदार. हा सामी आपल्या हातचे पाणी घेणार नाही, आणि विचारून नकार ऐकण्यापेक्षा न विचारलेले बरे, असे त्यांना वाटले असणार. आमच्या भिंतीला लागून गयाबाईचे घर. औराद तालुक्यात ठाणाकुशनूरजवळच्या एका खेड्यातले, धम्म स्वीकारलेले कुटुंब; नवरा केरबा गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल. ती हातात तांब्या घेऊन दारात उभी होती. पुढे करत नव्हती आणि आतही नेत नव्हती. अप्पांनी बोचके खाली ठेवले, तिच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "माय, पानी मिळंल का?"

"सामी, आमी..." गयाबाई अडखळली.

"तुमी कोन ते मागून सांग. घसा सुकलाय."

ते तिच्या उंबऱ्यावर बसले आणि सगळा तांब्या प्याले. अव्वाने नंतर मला सांगितले की त्या क्षणी तिला पहिली आठवण आली ती गावाची. गावात हे कळले तर दीर आपल्या घरी पुन्हा येणार नाहीत, हे तिला ठाऊक होते. तसेच झाले. पण त्या दिवसापासून मिलमधून येताना अप्पा आधी गयाबाईच्या उंबऱ्यावर टेकत, पाणी पीत, केरबाअण्णाशी चार शब्द बोलत, आणि मग आमच्या दारात येत. गयाबाईही तांब्या घासून, वर पेला पालथा घालून तयार ठेवी. केरबाअण्णा थट्टेने म्हणत, "मला येकदा तरी असा चकचकीत तांब्या दे की. का त्येला बी जंगमच व्हावं लागतंय?" गयाबाई फटकन उत्तर देई, "तुमी आदी पाय धून या, मंग बगू." हळूहळू गल्लीतल्या इतर घरांतले लोकही तिच्या दारात पाणी पिऊ लागले. सामी पितात तर आपण कोण, असे झाले. किराणा दुकानाचा शरणप्पा, जो आधी तिच्या हातून सुटे पैसे घेतानाही ते फळीवर ठेवायला सांगे, तोही एकदा उन्हातून येऊन तिच्याकडे पाणी मागून गेला. कोणी भाषण केले नाही, कोणी सभा घेतली नाही. रोजचा एक तांब्या पाणी, आणि त्याने गल्लीची घडी बदलली. त्या काळात गयाबाईची मान जरा वर आली होती, हे माझ्यासारख्या मुलीलाही दिसत असे.

खदानीला नळ एकच. तो येई तेव्हा घागरींची रांग वरच्या रस्त्यापर्यंत जाई, आणि भांडणे अशी होत की शिव्यांत कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू अशा चारही भाषा कामाला येत. नळाचा पाइप वस्तीत शिरताना उघड्या गटारातून आला होता. ज्यांनी तो तसा टाकला त्यांना खदानीतले पाणी प्यायचे नव्हते, एवढेच त्यांच्याविषयी म्हणता येईल. एका कडक उन्हाळ्याच्या शेवटी त्या पाण्याला वास येऊ लागला. आधी खालच्या ओळीतली दोन लेकरे उलटी-हगवणीने गेली. मग एक बाळंतीण. खदानीत रडण्याचा आवाज कुठल्या घरातून येतो आहे हे ओळखायला लोक दारात येऊन उभे राहत आणि ओळख पटली की मान खाली घालून आत जात. दवाखान्यातून नर्सबाई आली. पाण्यात टाकायच्या गोळ्या वाटल्या, त्या वरच्या ओळींतच संपल्या. जाताना ती बजावून गेली, "पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. एकमेकांच्या घरी पाणी पिणं काही दिवस बंद करा."

अव्वाने त्याच दिवसापासून पाणी उकळायला घेतले. जळण म्हणजे तुराट्या. शेतांतून मोळी बांधून आणणाऱ्या बायांकडून घ्यायच्या. आमच्याकडे बऱ्यापैकी साठा होता. गयाबाईकडे नव्हता; केरबाअण्णांची कंबर धरली होती, त्यांचे गंजात जाणे बंद होते, आणि चूल दिवसातून एकदाच, भाकरीपुरती पेटत होती. अव्वा त्यांच्या घरी उकळलेल्या पाण्याची एक कळशी देई. ती केरबाअण्णांना पुरे. गयाबाई स्वतः घागरीतलेच पीत होती, हे आम्हाला मागाहून समजले.

नर्सबाईचे सांगणे योग्यच होते, आणि ते पाळणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण ते कसे पाळले गेले, हे सांगितले पाहिजे. एकमेकांच्या घरी पाणी पिणे बंद करायचे होते. गल्लीत मात्र पहिले बंद झाले ते गयाबाईचे दार. तिच्या घरात कोणी आजारी नव्हते. आजार खालच्या ओळीत होता. तरी ज्यांनी ते दार नुकतेच धरले होते त्यांनी ते आधी सोडले, आणि सोडताना चेहऱ्यावर कसलासा सुटकेचा भाव होता. इतर घरांत चहा चालू होता, ताक चालू होते. जुनी गोष्ट नवे वस्त्र लेवून परत आली होती आणि या वेळी तिच्या हातात दवाखान्याचा शब्द होता. गयाबाई मात्र तांब्या तसाच घासून ठेवी.

अप्पांनी हे सगळे पाहिले आणि त्यांचा चेहरा मिटत गेला. अव्वाने एका सकाळी त्यांच्यापुढे भाकरी ठेवली आणि हलक्या आवाजात, कारण भिंत एकच होती, म्हणाली, "येताना तिकडं पानी पिऊ नका. घरी ठिवलंय उकळून."

"बगतो."

"बगायचं काय त्यात? लेकरं मरायलीत."

"मी न्हाई म्हणलो तर ती काय समजंल? गल्लीनं तोंड फिरीवलंच हाय. आता सामीनं बी फिरीवलं, असंच व्हईल की न्हाई?"

"तिला सांगा की. शानी हाय ती. समजून घेईल."

"ती समजून घेईल. शरणप्पा काय समजंल?" अप्पा म्हणाले आणि दाभण कनवटीला खोचून निघून गेले.

त्या संध्याकाळी मी दारात बसून शब्दांची रूपे घोकत होते. नळाजवळच्या दगडांवर गल्लीतले काही पुरुष टेकले होते, त्यांत शरणप्पाही होता. अप्पा येताना पाहून त्याने मोठ्याने हाक दिली, "सामी, सांबाळून बरं का. नर्सबाईनं सांगितलंय, कुनाच्या घरचं पानी प्यायचं न्हाई."

"कुनाच्याच न्हाई?" अप्पांनी विचारले.

"कुनाच्याच न्हाई."

"मग काल माझ्या घरी ताक कसं प्यालास रे?"

दगडांवर हशा पिकला. शरणप्पा ओशाळून म्हणाला, "ताक येगळं सामी, आन तुमचं घर बी येगळं."

हसणे थांबले. त्या शेवटच्या शब्दांनी जे झाकलेले होते ते उघडे पडले, आणि सगळ्यांना ते कळले. अप्पा वळले आणि गयाबाईच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. तिने तांब्या पुढे केला नाही. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "सामी, आज नगो. पानी उकळल्यालं न्हाई. तुराट्या सपल्या."

ती खरेच सांगत होती. तिच्या मनात पाण्याची भीती होती, त्यांच्यासाठीची भीती होती, दुसरे काही नव्हते. पण शरणप्पाचे बोलणे नुकतेच होऊन गेले होते, दगडांवरची माणसे माना वळवून पाहत होती, आणि अप्पांना वाटले की हिने ते मनाला लावून घेतले. अपमान गिळून आता ही स्वतःच आपला हात मागे घेते आहे. माझे अप्पा पुष्कळ ग्रंथ वाचलेले, मनाने कोमल आणि डोळ्यांनी तीक्ष्ण. तरी त्या क्षणी त्यांना गयाबाई दिसली नाही. गावात पाहिलेल्या साऱ्या बंद दारांच्या आड ती त्यांना दिसली.

"तू बी त्येंचंच ऐकायलीस व्हय, गया?" त्यांनी विचारले.

"तसं न्हाई सामी. अक्का उकळून ठिवलीय पानी, घरी जाऊन..."

"तसं नसंल तर दे."

"सामी, आयका की जरा माजं."

"मी काय भिकारी हाव म्हणून हाकलायलीस?" ते हसून म्हणाले. हसू तिच्यासाठी होते, आवाज दगडांवरच्या लोकांसाठी. उंबऱ्यावर बसलेला जंगम पाणी मागतो आहे, गल्ली पाहते आहे. नाही कशी म्हणेल ती? तिने तांब्या दिला. तो देताना तिने डोळे मिटून घेतले, हे मी माझ्या दारातून पाहिले. अप्पा सावकाश प्याले, रोजच्यासारखे, शेवटचा घोट हातावर घेऊन डोळ्यांना लावला, आणि उठून आमच्याकडे आले. अव्वा आत होती. तिने सगळे ऐकले होते. तिने ताट वाढले आणि उकळलेल्या पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे आदळला.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये, शिवायला घेतलेल्या पोत्यावरच अप्पा कोसळले. दोघातिघांनी उचलून घरी आणले तेव्हा त्यांचे गाल आत गेले होते आणि डोळे कोणा दुसऱ्याचे वाटत होते. केरबाअण्णा कंबर विसरून हातगाडी घेऊन आले. गाडीवर पोती घातली, अप्पांना झोपवले, आणि ते स्वतः ओढू लागले. अव्वा एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, अशा आम्ही चालत होतो. मागून गयाबाई मीठ-साखरेचे पाणी घेऊन धावत येत होती आणि आमच्याजवळ येऊन पोहोचली की पुन्हा मागे राहत होती. दवाखान्यात खाटा भरून गेल्या होत्या, व्हरांड्यातही माणसे निजवली होती. नर्सेसना बसायला उसंत नव्हती. त्यांनी सलाईन लावले, जे करता येण्यासारखे होते ते केले. त्यांच्यापैकी एक, अजून पोरसवदाच, अप्पांच्या हाताला शीर सापडेना म्हणून रडकुंडीला आली होती.

अव्वाचा राग तिथे फुटला. ती अप्पांच्या उशाशी बसून, त्यांच्या ओठांवर ओला कापूस फिरवत म्हणत होती, "गल्लीला शिकवायला निगालात. शिकली का गल्ली? तुमच्या तत्त्वाला माजंच घर सापडलं व्हय?" मी तिचा दंड धरला, तिने तो झटकला. अप्पा शुद्धीत होते. आवाज पार खोल गेला होता, तरी शब्द कळत होते. ते म्हणाले, "मी चुकलो असन. ती न्हाई चुकली. तिनं न्हाई म्हणलं व्हतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तिनं न्हाई म्हणलं व्हतं बग." मग त्यांचा हात गळ्यातल्या शिवदाराकडे जाऊ लागला, अव्वाने तो तिथवर नेऊन ठेवला. भर दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, अप्पा लिंगैक्य झाले. अव्वाने हात तसाच धरून ठेवला होता. तिला सांगायला कोणी धजावेना.

आमच्यात देहाला बसवून माती देतात. खदानीच्या वरच्या अंगाला मोकळी जागा होती, पण ती खडकाळ; बसत्या समाधीला खोल खड्डा लागतो. केरबाअण्णांनी गंजातले चार हमाल बोलावले आणि पहारी घेऊन ते खणू लागले. घरासमोर अप्पांना पद्मासनात बसवले होते. पाठीला फळी, सर्वांगाला भस्म, डाव्या तळहातावर इष्टलिंग. ते पूजेला बसल्यासारखेच दिसत होते, आणि त्यामुळे पाहणे अधिक कठीण होते. निरोप गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गावाहून माझे काका आले, अप्पांचे थोरले भाऊ. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा खदानीत उतरत होते. त्यांनी भावाच्या पायांवर डोके ठेवले, रडले, आणि ते रडणे खोटे नव्हते. मग डोळे पुसून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "म्या सांगतच व्हतो. ज्याच्या त्याच्या दारात पानी पीत जाऊ नगो म्हनून. ऐकलं न्हाई."

गर्दीच्या शेवटी, आमच्या दोन्ही घरांच्या त्या सामाईक भिंतीला लागून, गयाबाई उभी होती. ती पुढे आली. लोकांनी वाट दिली. त्यांनी वाट दिली की अंग चोरले, हे मला सांगता येणार नाही. ती अव्वापुढे बसली आणि म्हणाली, "अक्का, भाऊजी म्हणायलेत ते खरं हाय. पानी माज्याच घागरीतलं व्हतं. म्या न्हाई म्हणलं व्हतं. मंग दिलं. म्या दिलं अक्का, ह्याच हातानं."

सगळी गल्ली अव्वाच्या तोंडाकडे पाहू लागली. त्या वेळी अव्वाने होकाराची मान हलवली असती, किंवा नुसते तोंड फिरवले असते, तर गयाबाईला खदानीत राहणे अशक्य झाले असते. आणि तेवढेच नव्हे, पाण्यावरून जे जे अप्पांनी मागे सारले होते ते कायमचे खरे ठरले असते. हे अव्वाला त्या अवस्थेत कितपत कळत होते, मला माहीत नाही. ती गयाबाईच्या हातांकडे बघत राहिली. मग तिने विचारले, "गया, आपल्या खदानीत नळ किती हायती?"

"येकच की, अक्का."

"मंग तुजं पानी आन माजं पानी येगळं कुठलं गं? मी उकळलं, कारण माज्या घरी जळण व्हतं. तुज्या घरी न्हवतं. ह्यात तुजा काय गुन्हा?" आणि काकांकडे न पाहता, पदर सावरत ती म्हणाली, "भाऊजी, तुमाला हितं पानी प्यायचं नसंल तर पिऊ नका. कोन जुलूम करायलंय? पर भावाला माती द्यायची असंल तर केरबाअण्णाच्या मागून द्या. खड्डा त्यांनी खणलाय."

माती देताना काका केरबाअण्णांच्या मागे उभे राहिले, आणि सूर्य कलायच्या आत गावाला निघून गेले.

माझ्या आईची ही थोरवी सांगून मला इथे थांबता आले असते. पण मग मी नातीला दिलेल्या उत्तरासारखेच अपुरे लिहिले असे होईल. अव्वा त्या दिवशी जे बोलली ते खरे व्हायला तिला पुढची कित्येक वर्षे लागली. चारचौघांत तिने गयाबाईला मोकळे केले, पण घरात तिला तिच्याकडे पाहवत नसे. पलीकडून गयाबाईच्या बांगड्यांचा आवाज आला की अव्वाचा हात पिठात थबके. दोघी नळावर एकमेकींची घागर भरून देत, सणाला वाटी जात-येत राही, पण शब्द उरले नव्हते. आणि गयाबाईने त्यानंतर कोणालाही आपल्या हाताने पाणी दिले नाही. घरी माणूस आला तर ती झाकलेल्या घागरीकडे बोट दाखवी, "घ्या तुमच्या हातानं," आणि स्वतः चुलीकडे तोंड करून बसे. माझ्या आईच्या शब्दाने गल्ली गप्प झाली होती. गयाबाईचे मन शांत झाले नव्हते. पाइप मात्र बदलला गेला. वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन सरकारी कचेरीपुढे बसल्या तेव्हा गयाबाई पहिल्या रांगेत होती, आणि तिच्या शेजारी अव्वा. तिथेही त्या बोलल्या नाहीत.

आता अनेकदा पूजा आटोपल्यावर मी त्या संध्याकाळचा विचार करते. अप्पांनी पाणी प्यावे की न प्यावे? मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. दुसऱ्याचा मान राखणे धर्म आहे, देह राखणे हाही धर्म आहे, आणि समोरच्या माणसाचे शब्द जसेच्या तसे ऐकणे हा तर बहुधा सर्वांत अवघड धर्म असावा. अप्पांनी पहिला पाळला. तिसरा त्या क्षणी हातून निसटला, आणि त्यासाठी त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. इतकेच म्हणते की गयाबाईचे "नगो" हे तिने कोणाचेही केलेले सर्वांत मोठे आतिथ्य होते, आणि ते स्वीकारले गेले नाही.

मी कॉलेजात जाऊ लागले होते त्या सुमाराची एक दुपार आहे. मी आत पाठांतर करत होते, बाहेर दाराशी अव्वा डाळीतले खडे वेचत बसली होती. सूप घेऊन गयाबाई तिच्याजवळ येऊन बसली; असे ती अधूनमधून बसे, मुकी. केरबाअण्णांनी त्या आठवड्यात नव्या कवळ्या बसवून घेतल्या होत्या आणि गल्लीभर तोंड उघडून दाखवत हिंडत होते. गल्लीतून त्यांचा आवाज आला, "अक्का, बगितलाव का माजे दात? आता ऊस खातो मी, ऊस!" पाठोपाठ काहीतरी खणकन दगडावर पडले, आणि केरबाअण्णा अर्धवट शब्दांत ओरडले.

"ऊस ऱ्हाऊ द्या," गयाबाई म्हणाली, "आदी दात उचला."

मला आधी वाटले अव्वाला ठसका लागला. मग कळले की ती हसते आहे. तिच्यामागून गयाबाईही, पदर तोंडात कोंबून. आणि मग दोघींना आवरेना, सूप कलंडले, डाळ सांडली, तरी त्या हसतच होत्या. माझे पाठांतर थांबले. फरशीच्या त्या भिंतीला, जिच्यातून मी लहानपणापासून फक्त भांडणे, खोकले आणि रडणे ऐकले होते, मी पाठ टेकवून ऐकत बसले. माती देताना अव्वा जे बोलली होती ते त्या दुपारी खरे झाले असावे, असे मला वाटते. त्याआधी झाले असेल तर मला ऐकू आले नाही.

पंक्तीची वेळ झाली. सून हाक मारते आहे. हे वाचणाऱ्या, तू कोणीही अस, तुझ्या घरावर त्या करुणामयाची सावली राहो. तुझ्या घरातल्या लेकरांना पाण्याने कधी इजा न होवो. जळण, धान्य आणि शेजार यांची तुला वानवा न पडो. तुझ्या दाराशी येणाऱ्याला तुझे "घे" जसे ऐकू येवो तसे तुझे "नको" ही ऐकू येवो, आणि तुलाही दुसऱ्याचे. शिव तुझ्या कुळाचे, तुझ्या उंबऱ्याचे आणि तुझ्या भिंतीपलीकडच्या माणसांचेही कल्याण करो.